परसबागेचा हिशोब हंड्यात मांडा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की त्याची बातमी होते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर तिथे २ अंशांपेक्षाही कमी तापमान नोंदले गेले. द्राक्ष बागायतदार अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. तिकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठून पांढरा थर साचतो आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. पुढे चार महिन्यांनी नाशिक जिल्ह्यातच येवला, नांदगावकडे टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. थंडीने द्राक्षे तडकली तर निदान पंचनाम्याची मागणी होते. घरामागच्या दोन वाफ्यांतला काळा पडलेला टोमॅटो किंवा एप्रिलमध्ये वाळलेली मेथी मात्र कुठल्याच यादीत येत नाही.

ही नोंद यायला हवी, असे म्हणण्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत परसबाग हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. ‘उमेद’ अभियानातून गावोगावच्या बचत गटांनी पोषण परसबागा लावल्या. शाळांच्या आवारातही त्या लावल्या जातात. हेतू उत्तमच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या घरात आठवडी बाजाराच्या दिवशीच भाजी येते, तिथे हा आकडा गाठणे अवघड आहे. अशा घराच्या दारात पालेभाजी उगवली तर ती हवीच.

पण परसबागेला लागणारे पाणी बहुतेक गावांत बाईच्या डोक्यावरून येते. रक्तक्षय कमी व्हावा म्हणून जिच्या दारात वाफा आखला, तिलाच त्या वाफ्यासाठी दोन हंडे जास्त आणावे लागत असतील, तर योजनेने तिचे पोषण केले की दमणूक? म्हणून माझे म्हणणे साधे आहे. बियाण्यांची पाकिटे वाटण्याआधी पाणी मोजा. घरात एकदा वापरून झालेले स्वच्छसे पाणी जेवढी बाग पोसू शकेल, तेवढीच बाग लावा. आणि ज्या महिन्यांत ती पोसणे शक्य आहे, त्याच महिन्यांत लावा.

यासाठी आधी थंडी आणि टंचाई यांचे नाते समजून घ्यावे लागेल. आपण या दोन्ही गोष्टी परस्परविरुद्ध मानतो. रोपाला मात्र दोन्ही वेळी जवळपास एकच त्रास होतो, तो म्हणजे पेशीतले पाणी जाणे. कडक थंडीत पानातला बर्फ बहुधा आधी पेशींच्या बाहेरच्या पोकळीत धरतो. तो बर्फ पेशीच्या आतले पाणी बाहेर ओढून घेतो, पेशी आक्रसते आणि तिचे आवरण फाटते. सकाळी ऊन पडल्यावर पान उकडल्यासारखे लुळे पडते, ते यामुळे. दुष्काळातही पेशीतले पाणीच आटते. म्हणजे थंडीने करपलेले रोप एका अर्थी तहानेनेच गेलेले असते.

पालक, मेथी, मुळा, गाजर, कोबी, वाटाणा, लसूण ही मंडळी थंडी हळूहळू वाढत गेली तर पेशींमध्ये साखर साठवतात. विरघळलेल्या साखरेमुळे पाणी गोठण्याचा बिंदू खाली जातो. कडाक्याच्या थंडीनंतरचे गाजर गोड लागते, त्यामागे हेच आहे. टोमॅटो, मिरची, वांगे, काकडी, दुधी, भेंडी, गवार यांच्याकडे ही सोय नाही. सलग काही रात्री १० अंशांच्या खाली गेल्या तरी त्यांची वाढ थबकते, फुले गळतात. पाणी गोठण्याची वेळ यावीच लागत नाही. तरीही परसबागेची सुरुवात बहुतेक जण टोमॅटो-मिरचीनेच करतात आणि ऐन थंडीत ‘आमच्याकडे काही येतच नाही’ म्हणून सोडून देतात.

आणखी एक गैरसमज आकड्यांचा आहे. पेपरात ‘किमान तापमान ४ अंश’ असे वाचून आपण निर्धास्त होतो. पण हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि वारा पडलेला अशा रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतात. त्यामुळे जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड असते. पेपरातल्या ४ अंशांना वाफ्यातले पान शून्यावर असू शकते.

म्हणूनच अशा रात्री उपाय करायचा तो ही उष्णता अडवण्याचा. त्याला खर्च जवळजवळ नाही. संध्याकाळी ऊन उतरताच वाफ्यावर जुने सुती लुगडे किंवा गोणपाट काठ्यांच्या आधाराने टाकावे. ते पानांना टेकू देऊ नये आणि सकाळी काढून घ्यावे. प्लास्टिक पानाला चिकटले तर तिथलेच पान करपते. कुंड्या असतील तर दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीलगत सरकवाव्यात, कारण भिंत रात्री ती ऊब परत देते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते, म्हणून थंडीच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी पाणी दुपारी, मातीला द्यावे, पानांवर नको. एरवी मातीवर पाचोळ्याचे आच्छादन हवेच; पण अशा रात्रीपुरते ते बाजूला ओढावे. आच्छादनामुळे मातीतली ऊब मातीतच अडकते आणि वरच्या पानांना तिचा उपयोग होत नाही.

आता पाण्याचा हिशोब. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पिकाने घेतलेले आणि मातीतून उडून गेलेले पाणी एकत्र धरले तर आपल्या पठारी भागात जानेवारीत दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ३ ते ४ लिटर लागतात. एप्रिल-मेमध्ये हाच आकडा ७ लिटरपर्यंत किंवा त्याहून वर जातो.

समोरची बाजूही तपासा. चार-पाच माणसांच्या घरात तांदूळ, डाळ, भाजी, फळे धुतलेले आणि पेल्यात उरलेले पाणी एक दिवस बादलीत साठवून पाहा. समजा १२ लिटर भरले. त्यावर जानेवारीत तीन चौरस मीटर, म्हणजे आडव्या टाकलेल्या दोन दारांएवढा वाफा चालतो. एका चौरस मीटरमधून हंगामात साधारण एक-दीड किलो पालक निघतो. तेवढ्यात त्या कुटुंबाची आठवड्यातून एक-दोन वेळची पालेभाजी सुटते. एप्रिलमध्ये तेच १२ लिटर दोन चौरस मीटरलाही पुरत नाहीत आणि पालेभाजी उन्हाने लगेच फुलोऱ्यावर येते. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. मार्चनंतर हौसेपायी बाग रेटत नेणे म्हणजे दुसऱ्याच्या हंड्यातले पाणी काढणे होय.

‘बारमाही गच्चीबाग’ असे सांगणाऱ्या जाहिराती हा हिशोब दाखवत नाहीत. कुंडीतली माती थोडी, चारही बाजूंनी तापणारी. मे महिन्यात गच्चीवरचे एक मोठे टोमॅटोचे झाड दिवसाला एक-दोन लिटर पाणी सहज पिते आणि रात्रही उष्ण असेल तर फळ धरत नाही. पाणीही गेले आणि टोमॅटोही नाही.

वापरलेले सगळेच पाणी बागेला चालते असेही नाही. कपड्यांच्या साबणातला सोडियम मातीचे कण सुटे करतो, वर पापुद्रा धरतो आणि पुढे पाणी मुरतच नाही. मांस-मासळी धुतलेले किंवा बाळाचे लंगोट धुतलेले पाणी पालेभाजीवर कधीच घालू नये. त्यातले जंतू थेट ताटात येतात. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी स्वच्छ दिसते, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते साध्या पाण्यात मिसळून, आलटून पालटून द्यावे. बीट ते बऱ्यापैकी सोसते. घेवडा, गाजर, कांदा सोसत नाहीत. धुण्याचे पाणी केळी-पपईकडे वळवावे आणि त्यातही साबण बेताने वापरावा.

पाणी वाचवण्याची सर्वांत स्वस्त जागा मातीतच आहे. कुजलेला पाचोळा आणि शेणखत भरपूर असलेली माती पाणी धरून ठेवते. ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे श्री. अ. दाभोलकर सेंद्रिय मातीचे महत्त्व आयुष्यभर सांगत आले. वाफ्याच्या मधोमध भेगा नसलेले, पण पाझरणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरले तर ते मुळांपाशी थेंबाथेंबाने झिरपते आणि वर उडून जात नाही. ही युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही आहे. जानेवारीत थंडी अडवणारे लुगडे मार्चच्या दुपारी सावलीला बांधता येते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. प्यायला पाणी नाही तिथे कसली बाग? आक्षेप रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्यातला एक तांब्याही थेट कुंडीत ओतणे गैरच ठरले असते. पण त्याच पाण्याने डाळ-तांदूळ धुतल्यावर ते गटारात गेले की वाफ्यात, हा प्रश्न टंचाईतच जास्त महत्त्वाचा असतो. शहरांत टंचाई आली की अनेक सोसायट्यांच्या फलकावर ‘झाडांना पाणी घालू नये’ अशी सूचना झळकते. त्याऐवजी ‘झाडांना नळाचे पाणी घालू नये’ असे लिहावे. एका शब्दाने शिस्तही राहील आणि पालेभाजीही.

दुसरे, परसबागेकडून भलत्या अपेक्षा नकोत. पालेभाजीतले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. सोबत लिंबू, आवळा घेतल्यास ते वाढते, पण ज्या बाईला रक्तक्षय आहे तिला गोळ्या लागतात आणि त्या वाफ्यातून उगवत नाहीत. परसबाग देते ते वेगळे. पालेभाजी खुडल्यापासून तिच्यातले क आणि फोलेट ही जीवनसत्त्वे कमी होऊ लागतात. दारातली मेथी दहा मिनिटांत कढईत जाते, बाजारातली जुडी दुसऱ्या दिवशी. शिवाय पैसे नसलेल्या आठवड्यातही ताटात हिरवे काही पडते.

म्हणून योजना राबवणाऱ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बियाण्यांच्या संचात जिल्ह्याचे हवामान पाहून वाण असावेत. थंडीच्या पट्ट्यात पालक, मेथी, मुळा, लसूण आधी, टोमॅटो-मिरची नंतर. परसबागांचे मोजमाप ‘किती बागा लावल्या’ यावर न करता ‘फेब्रुवारीत किती बागांतून भाजी निघते आहे’ यावर करावे. आणि प्रत्येक घराच्या नोंदीत एक रकाना वाढवावा: या बागेला पाणी कुठून येते आणि ते कोण आणते? उत्तरात ‘विहिरीवरून, सून आणते’ असे आले, तर वाफा लहान करावा किंवा आधी नळ द्यावा.

आपल्या घरी सुरुवात करायची असेल तर आज बियाणे आणू नका. मोरीजवळ एक बादली ठेवा, आठवडाभर त्यात रोज किती लिटर पाणी जमते ते लिहून ठेवा आणि रोजच्या सरासरीला चाराने भागा. जो आकडा येईल, तेवढ्या चौरस मीटरची बाग थंडीच्या हंगामात आपल्याला झेपेल. तो एकच आला, तरी एका वाफ्यातली मेथी घरच्या पाण्यावर उभी राहील आणि तिच्यासाठी कुणाला जास्तीचा हंडा उचलावा लागणार नाही.