कुमारीपत्र : पाणी किती, औषध किती?

कॉटन ग्रीन, घोडपदेव भागातील दुकानांच्या आणि खोल्यांच्या दारावर कोरफडीचे रोप मुळांसकट उलटे टांगलेले आजही दिसते. हेतू दृष्ट लागू नये हा. माती नाही, पाणी नाही, तरी ते महिनोन्‌महिने हिरवे राहते. वैद्याने त्याकडे द्रव्यगुणाच्या दृष्टीनेही पाहावे, असे आम्हांस वाटते.

कुमारी मूळची अरबस्तानातील शुष्क डोंगराळ भागातील, म्हणजे जांगल देशाची कन्या. पानाची त्वचा जाड व मेणचट, पर्णरंध्रे मोजकी. बहुतेक वनस्पती दिवसा रंध्रे उघडून कर्बवायू घेतात व त्याच वाटेने पाणी गमावतात. कुमारी ती रात्री उघडते, घेतलेला कर्बवायू मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून त्यातूनच अन्न सिद्ध करते. टंचाई तीव्र झाली की ती रात्रीही रंध्रे बंद ठेवते व स्वतःच्या श्वसनातून सुटलेला वायूच पुन्हा वापरते. दारावरचे रोप टिकते ते या काटकसरीवर आणि गरातील साठ्यावर.

पानफुटीचेही असेच आहे. भारतात काम केलेले वनस्पतिज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ साली लिहिलेल्या पत्रात नोंद आहे, की तिचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडवट लागते. द्रव्य जिभेवर ठेवून रस ठरविणाऱ्या आपल्या शास्त्राला हे निरीक्षण परके वाटू नये. परंतु पर्णबीजाची पाने कोणत्या प्रहरी तोडली, याची नोंद आपल्यापैकी किती फार्मसी ठेवतात? आमच्या पाहण्यात एकही नाही. शार्ङ्गधरांनी सरस औषधी शरदात आणि वमन-विरेचनाची द्रव्ये वसंताच्या अखेरीस घेण्यास सांगितले. आपण घेतो ते टेम्पो येईल त्या दिवशी.

कुमारीच्या एका पानात दोन औषधे आहेत, हे तर पुष्कळदा विसरले जाते. सालीखाली पिवळा, कडू, भेदन चीक असतो. तो आटवला की काळा बोळ होतो. रजःप्रवर्तिनी वटीत लागतो तो हाच. आत असतो तो निर्मळ गर. कापलेले पान उभे ठेवून चीक निथळू दिला नाही, तर तो गरात उतरतो. मग एका बाटलीने कोठा साफ होतो आणि त्याच मात्रेत दुसऱ्या बाटलीने मुरडा येतो. रुग्ण दोष वैद्यालाच देतो. गर्भिणीच्या बाबतीत तर ही हयगय अक्षम्य आहे. अमेरिकेत २००२ साली या चिकाची विनाचिठ्ठी विकली जाणारी रेचके बाजारातून काढावी लागली, कारण उत्पादकांनी सुरक्षिततेचा पुरावा दिला नाही.

आता वजनाचा प्रश्न. निथळलेल्या गरात सुमारे ९९ टक्के पाणीच असते. म्हणजे औषध काय ते उरलेल्या एका भागात. भरपूर पाणी दिलेल्या शेतातील पान फुगते, जड भरते, आणि आपण खरेदी किलोवर करतो! शेतकऱ्याने पाणी का देऊ नये? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या दरानेच त्याला ते शिकविले आहे. त्यात तोडणीआधी पाऊस झाला असेल, तर स्वरसाच्या मापात काय पडते हे सांगणे नको. कुमार्यासवाचा पायाच हा स्वरस असल्याने घोटाळा तेथपर्यंत पोहोचतो.

लहान फार्मसीला हा खर्च परवडत नाही, असे व्यवसायबंधू म्हणतील. चीक निथळण्यासाठी एक तिरपा कट्टा, १०० ग्रॅम गर वाळवून उरलेला घनभाग तोलण्यासाठी एक ओव्हन आणि एक काटा, एवढ्याची गरज आहे. घनभाग दर खेपेस वहीत लिहावा आणि दर त्यावर ठरवावा. पानासोबत तोडणीची तारीख, वेळ आणि शेवटचे पाणी केव्हा दिले हे लिहून मागावे. पुरवठादार पहिल्या खेपेस हसेल. दुसऱ्या खेपेस, दर घनभागावर मिळतो हे कळल्यावर, तोच पाणी तोडून पाने आणील.