पोटखराब्यांतील बिऱ्हाडें

शेतांतील तळ्याचा भाग दप्तरांत 'पोटखराबा', म्हणजे लागवडीस निरुपयोगी, म्हणून दाखल होतो. अशा नोंदी मीं वर्षानुवर्षें लिहिल्या; परंतु त्या सदरांत कोण कोण राहतें, हें सेवानिवृत्तीनंतर सायंकाळीं तळ्याकांठीं बसूं लागल्यावर कळलें.

चैत्र लागेपर्यंत चक्रवाक लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडे निघून गेलेले असतात. येथेंच राहणारा गायबगळा मानेवर केशरी पिसें लेऊन नांगरामागें किडे वेंचतो. टिटवी तर घरटेंहि बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर खड्यांमध्यें बहुधा चार ठिपकेदार अंडीं घालते व सुमारें चार आठवडे उबवते. त्या अंड्यांच्या जागेवरून आपण पावसाचा अंदाज बांधतों, आणि पाणी ओसरतांच तींच अंडीं गाळपेराच्या नांगराखालीं चिरडतों!

अंधार पडल्यावर पूर्वेस चित्रा वर येते, पश्चिमेस मृग कलतो, आणि टिटवीचें ओरडणें चालूंच असतें. त्याच मृगांत सूर्य आला, कीं आपल्या पेरण्या सुरू होतात. माझें मत असें कीं, कांठालगतची दहा हात पट्टी मृग निघेपर्यंत नांगरूं नये. हातभर जमिनीसाठीं बांध कोरणाऱ्यास हें रुचणार नाहीं, हें मी जाणतों. त्यानें निदान अंडीं दिसतील तेथें काठी रोवावी व तेवढी जागा सोडून औत फिरवावें. पिलें अंड्यांतून निघाल्यावर लवकरच आपल्या पायांनीं चालूं लागतात. मग ती जागा पुन्हां आपलीच आहे.