पहिल्या पिढीपूर्वीची जयणा

व्याजावर व्याज कसे चढते, हे व्यापारी कुटुंबातील मुलांना लहानपणीच कळते. तोच चक्रवाढीचा नियम धान्याच्या कोठीतही चालतो; तेथे मुदलाच्या जागी कीटकांची एक जोडी असते.

मूग, चवळी, हरभरा यांना लागणारा भुंगेरा हे परिचित उदाहरण. मादी अखंड दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते. दाण्यावर दिसणारे बारीक पांढरे ठिपके ते हेच. अळी दाण्यात शिरून आतच वाढते आणि वाढ पुरी होताच भुंगेरा गोल छिद्रातून बाहेर पडतो. सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमान आणि दमट हवा लाभली, की हे सारे 25 ते 30 दिवसांत घडते; थंडीत अधिक काळ लागतो. त्यामुळे वर्षात साधारणतः 6 ते 8 पिढ्या होतात. याउलट अमेरिकेतील एका जातीच्या सिकाडा कीटकाची एक पिढी पूर्ण होण्यास 17 वर्षे लागतात.

भुंगेऱ्याची मादी 80 पर्यंत अंडी घालू शकते. त्यांतील केवळ 20 जीव तगले आणि त्यांत निम्म्या माद्या असल्या, असे धरले तरी एका जोडीपासून पहिल्या पिढीत 20, दुसरीत 200 आणि सहावीत 20 लाख जीव होतात. अन्न व जागा अपुरी पडत असल्याने प्रत्यक्षात हा आकडा गाठला जात नाही. तरीही विलंबाची किंमत त्यावरून कळते.

माल किडल्यावर गोदामात धुरी दिली, तर असंख्य त्रस जीवांचा घात होतो. किडलेले धान्य कडक उन्हात पसरणे हेही त्यांच्या जिवावरच बेतते. म्हणून जयणेची खरी वेळ त्याआधीची. खरेदीच्या वेळीच दाणे निरखून ठिपक्यांचा माल टाळावा. नवे धान्य जुन्यात मिसळू नये. कोठी रिकामी असतानाच तिच्या फटी स्वच्छ करून बुजवाव्यात. निवडलेले, कोरडे धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. अखंड कडधान्यापेक्षा डाळीला हा भुंगेरा कमी लागतो, हेही ध्यानी असावे. चातुर्मासाच्या दमट दिवसांत साठा महिन्याभरात संपेल इतकाच ठेवावा, म्हणजे पिढीमागून पिढी वाढण्यास अवसरच उरत नाही.

कर्ज फेडण्यापेक्षा ते न होऊ देणे सोपे असते. जीवदयेचा हिशेबही याहून वेगळा नाही.