शेपटी लावली की झाली मत्स्यकन्या?

प्रवाळाचा मुकुट, शिंपल्यांची चोळी, की झाली म्हणे मत्स्यकन्यांची संस्कृती! भाषांतराला येणाऱ्या अशा कादंबऱ्यांना मी आधी विचारते: ही श्वास कल्ल्यांनी घेते की फुप्फुसांनी? उत्तर नसतं. हान्स अँडरसनच्या १८३७च्या कथेत देहच सगळं ठरवतो. तिथल्या मत्स्यकन्या ३०० वर्षं जगतात आणि शेवटी फेस होतात. थडगं नाही, मागे काही उरत नाही. म्हणूनच धाकटीला अमर आत्म्याची ओढ. त्यांना अश्रूही नाहीत, त्यामुळे दुःख आतच साचतं. आजच्या नायिका मात्र समुद्रतळाशी बसून ‘डोळ्यांत पाणी आलं’ म्हणतात. कुठलं पाणी? कमरेखाली मासा जोडून लेखकाची कल्पना संपत असेल, तर त्या बाईला किनाऱ्यावरच राहू द्या. तिची भाषा मला आधीच येते.