आजीची वही छापताना



या अंकाची जवळजवळ निम्मी पानं आम्ही एका वहीला दिली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी संसार केलेल्या, मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईने १९५७ ते १९८१ या काळात केलेल्या या नोंदी. वही म्हटलं की डोळ्यांपुढे पुठ्ठ्याची, तारखा छापलेली रोजनिशी येते. तसं इथे काही नाही. सुरुवातीची दोन वर्षं किराण्याच्या हिशेबाच्या लांबट वहीत आहेत. मग मुलांच्या शाळेच्या वह्यांतली कोरी राहिलेली पानं दोऱ्याने शिवून केलेल्या चोपड्या आहेत. शेवटी शेवटी तर फक्त कालनिर्णयचे चौकोन, त्यात दुधाच्या खाड्याशेजारी दोन-चार शब्द. जुनं घर उतरवताना २०१८ साली हे सगळं एका ट्रंकेत सापडलं. नातीने ते आमच्याकडे आणलं, आणि आम्ही घरातल्या चौघांना विनंती केली की, तुम्ही वाचा आणि काय वाटलं ते लिहा. मुलगा, मुलगी, सून आणि नात यांनी ते लिहिलं. डाव्या पानावर आजी आणि उजव्या पानावर घरची माणसं अशी मांडणी आहे. नावं घरच्यांच्या इच्छेवरून वगळली आहेत.

आजीच्या आठवणी काढणं हा आपल्याकडे हळव्या लेखांचा विषय झाला आहे. तिच्या हातची आमटी, तिची नऊवारी, तिचं सोसणं. आमच्याकडेही असे लेख येतात आणि बरेचसे आम्ही परत पाठवतो. या वहीचं तसं करता आलं नाही, कारण आजी स्वतः अजिबात हळवी नाही. ती हिशेब लिहिते. ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाच्या दिवसाची तिची नोंद बघा: "पहाटे भूकंप. मुले घेऊन अंगणात. न्हाणीची भिंत गेली. चूल नऊला पेटली." मुलाने समोरच्या पानावर त्या पहाटेचं दीड पान वर्णन केलं आहे. वडिलांनी कसं सगळ्यांना बाहेर काढलं, गावात काय आकांत झाला, सगळं आहे. ते वाचनीय आहे. पण चूल नऊला पेटली, म्हणजे चार तास उशिरा पेटली, आणि अशा दिवशीही ती पेटवायची होतीच, हे फक्त डाव्या पानावर आहे.

सुनेने तर एक वेगळंच काम केलं. १९६१ सालच्या नोंदींतून तिने सासूबाईंचा दिवस तासांत मांडला: दळण, पाण्याच्या खेपा, गुरांचं, दोन वेळची भाकरी, माणसांची उठबस. मग शेजारी स्वतःचा १९८० चा दिवस मांडला. जात्याच्या जागी गिरणी आली, विहिरीच्या जागी नळ आला, चुलीच्या जागी गॅस. तास मात्र फारसे हलले नाहीत, असं तिचं म्हणणं, कारण वाचलेल्या वेळात शाळेचे डबे आणि अभ्यास येऊन बसले. तिचं गणित कुणाला घरगुती वाटेल. पण २०१९ साली देशभर झालेल्या सरकारी वेळ-वापर पाहणीतही हेच दिसलं. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जात होता, आणि जे पुरुष घरकाम करत होते त्यांचा ९७. शिवाय असं काही काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच भरले.

आता ज्या नोंदीवरून हा अंक महिनाभर लांबला तिच्याकडे येऊ. आजीचे वडील १९५८ साली गेले. १९५९ च्या वैशाखातली ही नोंद आहे: "भाऊ आला. कचेरीत नेले. जमा: लुगडे १, खण १. खर्च: सह्या ३."

एवढंच.

मुलगा लिहितो की आईला माहेरच्या जमिनीचा कधी मोह नव्हता. तिने आनंदाने हक्क सोडला, आणि ही नोंद म्हणजे तिचा मिश्कील स्वभाव. नात लिहिते की हा विनोद नव्हे, हा हिशेब आहे. तिने कधीच खोटा हिशेब लिहिलेला नाही. दोघांपैकी कोण बरोबर हे आम्हाला ठरवता येत नाही. कदाचित दोघंही असतील. ज्या बाईला "नाही" म्हणण्याची सोय नव्हती, तिच्यापाशी विनोद तेवढा शिल्लक राहिला असेल. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला, आणि वडिलांच्या मागे त्यांच्या वाट्यात मुलीलाही हक्क मिळाला. म्हणून तर १९५९ साली तिची सही लागली! त्याआधीच्या पिढीतल्या तिच्या आत्याला किंवा मावशीला कचेरीत न्यायची कुणाला गरजच पडली नसती. कायद्याने बाईच्या हातात काही दिलं आणि ते तिच्या हातातून काढून घेण्यासाठी पहिल्यांदाच कुणी तिला एसटीत बसवून तालुक्याला नेलं, याचा हा कागद आहे.

आणि मग मुलीचं पान येतं. मुलगी आज सत्तरी ओलांडलेली आहे. तिने अवघ्या सात ओळी लिहिल्या आहेत. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं होतं. ते कमी करायचं म्हणून तिने २००७ साली सही केली. भावाने साडी आणली होती. ती साडी नेसून जुनी झाली, तिची गोधडीही झाली. आईची नोंद तिने २०१८ साली वाचली. "आधी वाचली असती तर सही केली नसती असं म्हणवत नाही. पण साडी घेतली नसती." असं तिने शेवटी लिहिलं आहे.

ही पानं छापण्यापूर्वी चौघांनाही दाखवायची असं ठरलेलं होतं. भावाने बहिणीचं पान वाचलं. ते काढा असं तो म्हणाला नाही, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत, कारण अशा वेळी अंकच थांबवू पाहणारी घरं आम्ही पाहिली आहेत. त्याने खाली एक ओळ घालायला सांगितली: "बहिणीने हे मला कधी बोलून दाखवलं नाही." त्यावर बहिणीचा आम्हाला फोन आला: "मला कुणी विचारलंही नव्हतं." दोन्ही ओळी छापल्या आहेत. त्यापुढचं बोलणं त्यांनी आपापसात करावं, आणि ते सुरू झालं आहे असं नातीकडून कळतं.

आमच्या गटांतल्या कार्यकर्त्यांसाठी इथे कायद्याचं थोडं. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं असावं लागतं. नोंदवून दिलेली सही नंतर फिरवणं फार अवघड, म्हणून विचारायचं ते सही करण्याआधी. हक्क सोडायचाच असेल तरी कशाचा सोडतो आहोत, किती गुंठ्यांचा, हे तरी बाईला माहीत असावं. वाटा मागितला की माहेर तुटतं ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. अनेकींचं माहेर खरोखरच तुटलं आहे. पण सही केल्यावरही माहेरी जाणं कमीच होत गेलं, हे या वहीतच आहे. १९५९ नंतर आजीच्या माहेरच्या फेऱ्या नातीने मोजल्या, त्या बावीस वर्षांत पाच भरल्या.

दुसरा वाद नातीशीच झाला. ती आपल्या चळवळीतली मुलगी. वहीत धान्य पाखडायला, अंगण सारवायला एक बाई येते. अकरा वर्षं येते. तिचा उल्लेख दर वेळी जातीच्या नावाने आहे, एकदाही नावाने नाही. "शिळे दिले", "सुपात घातले, वरून टाकले" अशा नोंदी आहेत. १९५६ साली धर्मांतर झालं, गावातल्या त्या वस्तीनेही बौद्ध धम्म स्वीकारला. तरी आजीच्या वहीतला शब्द शेवटपर्यंत बदलत नाही. नातीची विनंती होती की ही वाक्यं गाळावीत. आजीची बदनामी होईल हे कारण नव्हतं. वाचणाऱ्या मैत्रिणी दुखावतील हे होतं. आमच्या बैठकीत यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ज्या मैत्रिणी दुखावतील म्हणून काळजी चालली होती त्यांच्यापैकीच एकीने विचारलं, "आमच्या आजीला शिळं मिळत होतं हे आम्हाला ठाऊकच आहे. देणाऱ्यांच्या घरी ते लिहून ठेवलेलं आहे, हे का लपवायचं?" वाक्यं ठेवली आहेत.

आजीचं सोसणं जितकं खरं, तितकंच तिने दुसऱ्या बाईला वरून टाकलेलं अन्नही खरं. सासरी सगळ्यांत खालच्या पायरीवर असलेल्या बाईलाही उभं राहायला अजून कुणाची तरी पाठ मिळत होती. आपण स्त्रियांचा इतिहास म्हणून जे गोळा करतो त्यातला मोठा भाग लिहिता येणाऱ्या घरांतून आला आहे, हे विसरून चालत नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांपैकी शंभरात नऊ जणीसुद्धा साक्षर नव्हत्या. आजी त्या मूठभरांतली. पाखडायला येणाऱ्या बाईची वही कुठून असणार? तिच्या बाजूचं वाचायचं तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याकडे जावं लागतं. त्यांचं 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. छोट्या दुकानात बसून, पुडीचे कागद वाचत त्या लिहित्या झाल्या, आणि घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिखाण वर्षानुवर्षं सांभाळलं. आणि जिला अक्षरच नव्हतं तिच्यासाठी जातं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याही रोजनिशाच आहेत. म्हणून या अंकात वहीनंतर लगेच आमच्या दोन गटांतल्या वयस्क बायकांशी झालेली बोलणी घेतली आहेत. ती मूळची वहीच्या जोडीला ठरलेली नव्हती. वरच्या वादातून आली.

एक गोष्ट मात्र आम्ही छापलेली नाही. १९६४ च्या श्रावणापासून दिवाळीपर्यंतची पानं वहीत नाहीत. कात्रीने नीट कापून काढलेली आहेत आणि उरलेली पानं पुन्हा शिवलेली आहेत, आजीच्याच टाक्याने. त्या महिन्यांत काय झालं असावं याबद्दल घरात बोललं जातं, आणि एकीने ते आम्हाला लिहूनही कळवलं. ते आम्ही बाजूला ठेवलं. बेबीताईंनी नवऱ्याच्या मारहाणीविषयी पुस्तकात फारसं लिहिलं नाही, पुढे मुलाखतीत विचारल्यावर त्या बोलल्या. बोलायचं की नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं. आजीला आता विचारता येत नाही. तेव्हा आम्ही आमच्यापुरता नियम केला: तिने कापलं ते तिचं, त्यात कुणी हात घालायचा नाही. पण तिने ठेवलं ते घरच्यांनी कापायचं नाही. अब्रूसाठी नाही, प्रेमापोटी नाही आणि विचारसरणीसाठीही नाही.

हा नियम सगळ्यांना पटेल असं नाही. नुसती वही मागे राहिली म्हणजे ती छापायला परवानगी होते का, असं आमच्यातल्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारलं आहे, आणि तिचं पत्र पत्रव्यवहाराच्या पानावर आहे. तिचा मुद्दा हलका नाही. आजीने कात्री चालवली होती, म्हणजे काय ठेवायचं याचा विचार तिने केला होता, एवढाच आमचा आधार.

पुढच्या अंकातही हे सदर चालू ठेवायचा विचार आहे. तुमच्या घरी, गटात अशा वह्या, पत्रं, कॅलेंडरं, भिशीचे हिशेब असतील तर कळवा. मूळ वही पोस्टाने पाठवू नका. झेरॉक्स किंवा मोबाइलवर काढलेले फोटो चालतील, पण पान अर्धवट घेऊ नका, समासातलं लिखाणही येऊ द्या. घरच्यांचं लिखाण घेताना ते निदान दोघींकडून घ्या, त्यातली एक सून असावी. लिहिता न येणाऱ्या आजीचं बोलणं ध्वनिमुद्रित करून पाठवलंत तरी आम्ही ते उतरवून घेऊ, आणि छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवायची जबाबदारी पाठवणारीची. घरात एखादं जुनं हक्कसोडपत्र असेल तर त्याचीही प्रत जोडा.