सैन्य परतले, महारवाड्याचे काय?

दरवर्षी १७ सप्टेंबरला टेंभुर्णीत, मराठवाड्यातील प्रत्येक गावात लागतो तसा, झेंडा लागतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन! भाषणे होतात, रझाकारांचे नाव निघते, पोलिस ॲक्शनचा जयजयकार होतो. पण त्या पाच दिवसांच्या आधी काय घडले, हे भाषणांत सहसा येत नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर हैदराबाद संस्थानातील भारतीय फौजा काढून घेण्यात आल्या. फौज गेली आणि कासिम रझवीच्या रझाकारांना रान मोकळे झाले. माणसे घरदार टाकून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात पळाली. जाफराबाद तालुक्याला तर बुलढाणा जिल्हा लागूनच! अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी तीच फौज परत आली, दोन-तीन दिवसांत औरंगाबाद आणि जालना तिच्या ताब्यात गेले, आणि निजाम शरण आला.

हे आज उकरून काढण्याचे कारण अफगाणिस्तान. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती पडले. ३० ऑगस्टला शेवटचा अमेरिकन शिपाई विमानात बसला. तेव्हापासून एक प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो : सैन्य काढून घेतल्यावर अतिरेकी पुन्हा शिरजोर झाले, तर परक्या सत्तांनी पुन्हा शस्त्र घेऊन तिथे जावे की नाही? मुंबई-दिल्लीचे पंडित यावर इस्लामचा भयगंड तरी विकतात किंवा अमेरिकेची आरती तरी ओवाळतात. आम्हाला या दोन्हींत रस नाही. आमच्यापाशी या प्रश्नाची स्वतःची फूटपट्टी आहे आणि ती बाबासाहेबांनी दिलेली आहे.

१९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना काय सुनावले होते? तुमच्या राज्यात अस्पृश्यांची अस्पृश्यता गेली नाही, तेव्हा तुम्ही राहावे असे आमचे म्हणणे नाही. पण जाताना सत्ता कुणाच्या हातात देता, आणि त्या हातांपासून आमचे रक्षण कशाने होणार, हे आधी ठरवा. सवर्ण पत्रांनी त्यासाठी त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हटले! तरी तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. जाणाऱ्या सत्तेला जाण्याच्या आधी विचारायचा प्रश्न तो हाच, आणि पुढे त्याचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच संविधानाच्या कलमांत लिहिले.

आता दोहा करार पाहा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी सही कुणी केली? अमेरिकेने आणि तालिबानने. काबूलचे सरकार त्या मेजावर नव्हते, मग अफगाण स्त्री, हजारा मजूर, शाळकरी मुलगी यांची काय कथा! तालिबानचे पाच हजारांपर्यंत कैदी सोडायचे ठरले, मुलींच्या शाळेसाठी एक ओळ नाही. आज तिथे सहावीपुढे मुलीला वर्ग बंद आहे आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद आहे. सावित्रीमाईंच्या लेकरांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग अमेरिकेने परत जावे का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : राज्य बदलण्यासाठी, नाही. वीस वर्षे राहून जे उभे केले ते काही दिवसांत कोसळले, ते आणखी वीस वर्षांनी टिकेल असे कोण म्हणतो? लांबून ड्रोन सोडण्याचा मार्गही आम्हाला मान्य नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकेने अतिरेकी समजून एका गाडीवर मारा केला. त्यात दहा नागरिक मेले, त्यांतील सात लहान मुले. चूक झाली, एवढे कबूल करून अमेरिका मोकळी झाली!

हस्तक्षेपानंतर काय होते, हेही मराठवाड्याने पाहिले आहे. पोलिस ॲक्शननंतर पंडित सुंदरलाल यांच्या समितीने गावे फिरून अहवाल दिला. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता, आणि मेलेले बहुतांश साधे मुसलमान होते. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ साली! महारवाड्यालाही झळ लागलीच. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच निजामाची बाजू घेऊ नका, असे जाहीर पत्रक काढून बजावले होते. तरी बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात गेले, आणि पुढे गावोगावी आपल्या माणसांवर रझाकारांचे साथीदार असा शिक्का मारणे सोपे झाले. रझाकार गेले, पाटील राहिला. मुक्ती कुणाची झाली, हे १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर जळालेल्या वस्त्यांनी सांगितले.

आणि परक्या भूमीवर मरायला कोण जाते? २९ जुलै १९८७ च्या करारानुसार भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. बाबासाहेबांच्या प्रयत्नाने १९४१ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची आठवी बटालियन तिथे लढली. तिचे मेजर रामास्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शहीद झाले, त्यांना परमवीरचक्र मिळाले. या मोहिमेत सुमारे बाराशे भारतीय जवान गेले. मार्च १९९० मध्ये सेना परत आली, एलटीटीई पुन्हा माजली, १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाली. २००० च्या एप्रिलमध्ये एलिफंट पास पडला आणि श्रीलंकेने मदतीची हाक दिली, तेव्हा भारताने सैन्य पाठवायला नकार दिला. तो नकार आम्हाला आजही योग्य वाटतो. पण फक्त नकार देऊन हात झटकणे योग्य नव्हते. २००९ मध्ये युद्ध संपताना चाळीस हजारांपर्यंत तमिळ नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटले, आणि दिल्ली पाहत राहिली. बाबासाहेब १९५० साली ज्या बौद्ध देशात गेले होते, तिथल्या रक्तपाताबद्दल आपण बौद्धांनीही फारसे तोंड उघडले नाही, हे कबूल केले पाहिजे.

या भूमिकेला आम्ही एक अपवाद करतो. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिका इराकमधून निघाली, जून २०१४ मध्ये इसिसने मोसूल घेतले. त्याच मोसूलमध्ये भारताचे ३९ मजूर मारले गेले, त्यांच्या घरच्यांना खात्रीचे उत्तर मिळायला २०१८ उजाडले. ऑगस्ट २०१४ मध्ये हजारो यझिदी सिंजारच्या डोंगरावर अन्नपाण्यावाचून अडकले. खाली त्यांच्या बायका बाजारात विकल्या जात होत्या. त्या वेळी विमानांनी पाणी टाकले, इसिसवर बॉम्ब टाकले, खाली उतरायला वाट मिळाली. सार्वभौमत्वाचा ग्रंथ उघडून त्या डोंगरावरच्या बाईला थांब म्हणायची आमची छाती नाही. ज्यांना संपवायलाच शत्रू निघाला आहे आणि जे स्वतः हाक देत आहेत, त्यांना बाहेर काढण्यापुरता हात जरूर द्यावा. गादीवर कोण बसेल, हे मात्र बाहेरच्याने ठरवू नये.

दिल्लीने तर वेगळाच रस्ता धरला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना जागा नव्हती. बोंब झाल्यावर दुसरी घ्यावी लागली. त्याच भेटीत काबूलमधील आपले कार्यालय पुन्हा दूतावास करण्याची घोषणा झाली. बोलणी करावीत, धान्य पाठवावे, आमचा विरोध नाही. पण पुण्यात अफगाण मुले-मुली पिढ्यान्‌पिढ्या शिकायला येत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये भारत सरकारने अफगाणांचे जुने व्हिसा रद्दबातल ठरवले आणि सुटीत घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. सैन्य नको, रणगाडे नकोत. काबूलच्या ज्या मुलीला विद्यापीठ बंद झाले, तिला पुण्यात किंवा औरंगाबादेत बाबासाहेबांचे नाव असलेल्या विद्यापीठात प्रवेश, शिष्यवृत्ती आणि व्हिसा द्या, अशी मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी या १७ सप्टेंबरला जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात करावी, असे आम्ही सुचवतो.