जिल्ह्याहून थोरला गुलाब

यंदाही ऑगस्टात माझ्या ग्लॅडिएटरने पानं टाकली. आधी पानावर शाई सांडून फिसकटावी तसे काळे ठिपके, मग भोवतीचं पान पिवळं, आणि आठवडाभरात कुंडीत नुसत्या काटेरी काड्या. ग्लॅडिएटर ही १९५५ सालची अमेरिकन जात. आपल्याकडे उघड्या शेतातल्या लाल गुलाबाचा व्यापार बरीच वर्षं हिच्याच जोरावर चालला. फूल देखणं, दांडा लांब, यात वाद नाही. तब्येतीचं मात्र विचारू नका.

कारंज्याला मावशीच्या मोरीमागे एक गावठी लाल गुलाब आहे. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याच्याही आधीपासूनचा. जातीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. फूल लहान, दुपारपर्यंत पाकळ्या सुटतात, पण वास ओसरीपर्यंत येतो. ठिपके त्यालाही पडतात. पण तो चार पानं टाकतो नि नवरात्रापर्यंत पुन्हा भरून येतो. औषध म्हणून त्यावर आजवर काही पडलं असेल तर चुलीतली राख.

मावशी माझ्याकडे आली तेव्हा मी संध्याकाळी पाइपने झाडांना आंघोळ घालत होतो. ती म्हणाली, "काऊन रे बापू, पानाले कायले पाजतं पाणी? तहान तं मुयाले लागते ना!"

मावशी शास्त्रच बोलली. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचं बीज पानात शिरायला पान सातेक तास सलग ओलं राहावं लागतं. संध्याकाळी भिजवलेलं पान सकाळपर्यंत वाळत नाही. त्यात गळलेली रोगट पानं मी खत होईल म्हणून कुंडीतच ठेवत होतो.

अमेरिकेत मिलवॉकीच्या विल्यम रॅडलर या माणसाने हेच मुद्दाम केलं. रोगट पानं वाळवायची, दळायची, ती पूड रोपांवर भुरभुरायची आणि वरून पाण्याचे फवारे सोडायचे. मरतील ती मरू द्यायची. तगलेल्यांतून २०००मध्ये नॉक आउट हा लाल गुलाब बाजारात आला आणि जगभर गाजला. प्रयोग मीही तोच केला म्हणायचा, फक्त निवड करायची राहिली! नॉक आउटला वास जवळपास नाही. वासाशिवाय गुलाब म्हणजे माझ्या मते नुसतं कुंपण.

रॅडलरची पूड मावशीच्या गल्लीत कधीच नव्हती. तिथे मे महिन्याचं ऊन आणि जुलैचा चिखल होता. त्यातून जे झाड वाचलं, त्याचीच काडी शेजारणीने मागून नेली. निवड तीही.

चिखल हा आपला खरा शत्रू. आपली काळी जमीन मेमध्ये बोट जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. गुलाबाची मुळं त्यात कुजतात. म्हणून दीड फूट खड्डा करून अर्धी काळी माती बाहेर काढावी, तिच्या जागी मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळावं, आणि रोप गादीवाफ्यावर उंच बसवावं. निदान सहा तास ऊन हवं. भिंतीच्या कोपऱ्यात हवा कोंडते, तिथे नको.

आणखी एक फजिती सांगून टाकतो. मागे एका कलमाला हातभर लांब, पोपटी, जोमदार फुटवे आले. मी आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवले. वर्षभर एक कळी नाही! मावशीने खाली वाकून माती बाजूला केली. डोळा भरला होता त्याच्या खालून, म्हणजे रानगुलाबाच्या खुंटातून, ते फुटले होते. वरचा लाल गुलाब केव्हाच उपाशी मेला होता. असा फुटवा दिसला की कापू नका, कापला तर पुन्हा फुटतो. बुडापासून ओरबाडून काढा. काडीपासून लावलेल्या गावठीला ही भानगडच नाही. तो मुळापासून शेंड्यापर्यंत तोच.

दसरा झाला की मावशी छाटणी करते. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या त्या दिवशी उकिरड्यावर जातात. कारंज्याला गुरुमंदिरात जाणं होणार असेल तर आधी कळवा, ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-बारा ठेवायला सांगतो.